फुकट दिले, बंद केले, मालकी मात्र ठेवली

डिसेंबर २००९ मध्ये गूगलने विंडोजसाठी एक छोटे सॉफ्टवेअर फुकट द्यायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरांत अकोल्याचे स्पेलिंग टाइप करून स्पेसबार दाबला की पडद्यावर देवनागरीत ‘अकोला’ उमटायचे, आणि एकाच उच्चाराचे दोन-तीन शब्द निघत असले तर खाली पर्यायांची लहानशी यादी उघडायची. मराठीसह १४ भाषांची त्यात सोय होती. आधी त्याचे नाव ‘ट्रान्सलिटरेशन आयएमई’ होते, नंतर ‘इनपुट टूल्स’ झाले. एकदा बसवले की इंटरनेट लागत नव्हते. ज्यांनी टायपिंगच्या संस्थेत बसून रेमिंग्टनची मांडणी घोटली नाही आणि ज्यांना इन्स्क्रिप्ट शिकायला सवड मिळाली नाही, अशा शिक्षकांना, ग्रामसेवकांना, सेतू केंद्रावर अर्ज भरून देणाऱ्यांना संगणकावर मराठी लिहिता आले ते या सॉफ्टवेअरमुळे. पुढे गूगलने विंडोजचा हा संच आपल्या पानावरून काढून टाकला. ब्राउझरमधली सोय राहिली, पण ती वर्डमध्ये चालत नाही. लोकांनी वापर मात्र थांबवला नाही. अमरावती असो की अकोला, नवा संगणक आला किंवा जुन्याला फॉरमॅट मारला की कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून, नाहीतर कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून तोच जुना सेटअप उतरवला जातो. ही चोरी आहे का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर फक्त या एका सॉफ्टवेअरपुरते नाही.

या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या इथे दोन तोंडी देतो: एक अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास डीटीपी करणारे ऑपरेटर, दुसरे अकोल्यात वकिली करणारे. दोघेही माझ्या मांडणीसाठी उभे केलेले आहेत. त्यांचे म्हणणे मात्र त्या-त्या धंद्यात रोज ऐकू येणारे आहे.

ऑपरेटर म्हणतात, “मले एक सांगा वकीलसाहेब, ज्यानं वस्तू फुकटच वाटली, त्याची मी कॉपी केली तं त्याचं गेलं काय? इकत असता आन मी चोरून घेतली असती, तं गोष्ट येगळी. आता तं तो देतबी नाई आन इकतबी नाई. मंग हे पाप कायचं?” वकील उत्तर देतात, “भाऊ, तुम्ही किमतीचं बोलता, मी हक्काचं बोलतो. फुकट दिलं म्हणजे मालकी सोडली असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरला आहे. कंपनीच्या प्रकाशित कृतीवरचा हक्क किमान साठ वर्षं टिकतो. विक्री बंद झाली, पान काढलं, कंपनीच बुडाली, तरी तो हक्क कुणाकडे तरी असतोच.”

कायद्याच्या अक्षराशी वकिलांचे हे म्हणणे पूर्ण जुळते. दुर्लक्षाने हक्क संपतो, असे आपल्या कायद्यात कुठेही नाही. हक्क सोडायचाच असेल तर त्याची वाट कलम २१ मध्ये दिली आहे: कर्त्याने निबंधकाला ठरलेल्या नमुन्यात कळवायचे, किंवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाहीर सूचनेने सांगायचे, की आपण या कृतीवरचे सगळे किंवा काही हक्क सोडत आहोत. म्हणजे सोडणे ही करायची कृती आहे, आपोआप घडणारी गोष्ट नाही. इंग्रजीत अशा टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरला ‘अबँडनवेअर’ म्हणतात आणि ते जणू कायदेशीर वर्गीकरण असल्यासारखे वापरले जाते, पण भारतातल्या कायद्याला ही संज्ञा माहीत नाही. शिवाय गूगलसारख्या कंपन्यांच्या सेवाशर्तींत सॉफ्टवेअर वापरायचा परवाना व्यक्तिगत असतो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि प्रती वाटायची मुभा त्यात नसते. ‘डाउनलोड’ असे लिहिलेले बटण दाबताना माणसाला वस्तू मिळाल्यासारखी वाटते, पण हाती येते ती वापरायची परवानगी.

इथे ऑपरेटर वऱ्हाडातल्या कुणालाही सुचेल असा युक्तिवाद करतात. “शेतात जायची पांदण लोकं वर्षानुवर्षं वापरतात. मंग मालकानं काटे टाकले तं तहसीलदार ते काढाले लावते. वहिवाटीचा हक्क लागते म्हनतात. आमी दहा-पंधरा वर्षं या सॉफ्टवेअरवर धंदा केला. आमची वहिवाट नाई का?” हा युक्तिवाद मला साधा वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून केलेला वापर लागतो. मालकाच्या परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून हक्क उभा राहत नाही. सॉफ्टवेअरचा वापर तर पहिल्या दिवसापासून परवानगीनेच होता. तेव्हा जमिनीच्या कायद्याची फूटपट्टी इथे लावली, तरी ऑपरेटरच्या बाजूने निकाल येत नाही. पण या युक्तिवादामागची तक्रार खरी आहे. एखाद्या मोठ्या कंपनीने एक सोय फुकट पसरवली की त्या क्षेत्रात दुसरे कुणी पैसे घेऊन तशीच सोय करायला धजत नाही, लोक तीच एक सवय अंगी लावून घेतात, कामे तिच्यावर अवलंबून होतात, आणि मग ती एका दिवसात निघून जाते. देण्याच्या वेळी लोकांवर झालेला परिणाम काढून घेताना जमेस धरला जात नाही.

“तोटा नाही तर गुन्हा नाही” हे मात्र खरे नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असताना प्रोग्राम संगणकावर वापरला, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. “आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात सांगितलं आहे,” वकील आठवण देतात, “की कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. तुमचं दुकान आहे भाऊ, घर नाही. धंद्यात वापर झाला की सवलतीची दारं बंद होतात.” गूगल अमरावतीच्या दुकानदारावर खटला भरेल असे मला वाटत नाही. पण कायद्याचे पालन कुणाच्या तरी कंटाळ्यावर किंवा दुर्लक्षावर सोडून द्यावे, हे सभ्य समाजाला शोभत नाही. ते दुकानदाराच्याही हिताचे नाही, कारण तो कायम कुणाच्या तरी मर्जीवर राहतो.

तरी कायदा ऑपरेटरला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, आणि हे वकीलही मान्य करतात. कलम ५२ मध्ये कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी मिळाली त्यासाठी प्रत काढता येते, आणि नष्ट होण्याच्या धोक्यापासून बचाव म्हणून बॅकअप ठेवता येतो. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक मुभा दिली: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी व्यक्तिगत वापरासाठी प्रत काढणे. म्हणून ज्या शिक्षकाने सॉफ्टवेअर पानावर असताना ते उतरवून घेतले, सेटअप जपून ठेवला आणि संगणक फॉरमॅट केल्यावर पुन्हा बसवला, त्याला चोर म्हणणे चूक आहे. हा शिक्षक आणि गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर शंभर रुपये घेऊन तोच सेटअप टाकणारा दुकानदार, या दोघांना एका पारड्यात टाकू नये. कायदाही त्यांना एक धरत नाही.

माझे स्वतःचे म्हणणे इथून सुरू होते. ऑपरेटर आणि वकील दोघेही वापरणाऱ्याबद्दल भांडत आहेत, पण दोष आहे तो देणाऱ्याने सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर सोडले, यात. बंद करण्याच्या दिवशी एका ओळीची परवानगी लिहून ठेवली असती, तर यातला कुठलाही प्रश्न उद्भवला नसता. सॉफ्टवेअर फुकट असणे पुरेसे नाही. देणाऱ्याचे मन बदलले तरी ते लोकांच्या हाती राहील, अशी तजवीज परवान्यात असावी लागते.

याचा उत्तम पुरावा आपल्याच देशातल्या एका सरकारी सीडीत आहे. माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाच्या टीडीआयएल कार्यक्रमाने सी-डॅकच्या मदतीने २००५ मध्ये आधी तमिळ आणि मग हिंदीची भाषा-साधने फुकट वाटायला सुरुवात केली, आणि पुढे मराठीची सीडीही काढली. त्यात फाँट होते, टंकलेखनाचा ड्रायव्हर होता आणि भारतीय भाषांत आणलेले ओपनऑफिस होते. त्या सीडीतला बहुतेक ऐवज आज नव्या विंडोजवर निरुपयोगी आहे. पण ओपनऑफिसचे तसे झाले नाही. त्याचा स्रोत खुल्या परवान्याखाली होता, म्हणून मूळ प्रकल्पावरचा विश्वास उडाला तेव्हा २०१० मध्ये जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याच स्रोतावरून लिब्रेऑफिस उभे केले, आणि ते आज मराठीत चालते. एकाच पाकिटातून आलेल्या दोन वस्तू. दोन्ही फुकट. एकीचा वारसा चालू राहिला, दुसरीचा तिथेच खुंटला. फरक किमतीचा नव्हता, परवान्याचा होता.

वकील यावर थांबवतात. “खुला परवाना म्हटलं की सगळं सुरळीत होतं असं समजू नका. ट्रूक्रिप्टचं काय झालं?” उदाहरण चपखल आहे. फाइली कुलूपबंद करणारे ते सॉफ्टवेअर फुकट होते, त्याचा स्रोतही पाहता येत होता. मे २०१४ मध्ये कर्त्यांनी ते अचानक बंद केले. कर्ते निनावी होते आणि परवाना त्यांनी स्वतःच रचलेला, अटींबद्दल शंका येणारा होता. त्याच्यावरून वेराक्रिप्ट निघाले खरे, पण आजही त्याला नव्या अपाचे परवान्याबरोबर ट्रूक्रिप्टचा जुना परवाना वागवावा लागतो. यातून निघणारा धडा माझ्या मुद्द्याच्या विरोधात नसून त्याला धार लावणारा आहे: परवाना खुला हवा, आणि तो जगाने पारखलेला हवा. भारतीय भाषांचे कीबोर्ड बनवणारे ‘कीमॅन’ पाहा. एकेकाळी ते विकत मिळायचे. २०१५ मध्ये एसआयएल या संस्थेने ते घेतले आणि नंतर एमआयटी परवान्याखाली मोकळे केले. उद्या एसआयएलने हात आखडता घेतला, तरी कीमॅन कुणालाही पुढे चालवता येईल आणि त्यासाठी कुणी गुन्हेगार ठरणार नाही.

कंपन्यांची बाजू घेणारा आक्षेप असा असतो की बंद झालेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात इतरांचे घटक असतात, चालू उत्पादनांची गुपिते असतात, जुन्या स्रोतात सुरक्षेच्या भेगा असतात. ते सगळे उघडे करा असे सांगणे अन्यायाचे आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो स्रोत खुला करण्याला लागू पडतो, बांधून दिलेला सेटअप जसाच्या तसा वाटू देण्याला नाही. ज्या प्रती कंपनीने स्वतः जगाला वाटल्या, त्या ‘बदल न करता, फुकट, कोणत्याही हमीशिवाय’ वाटायला हरकत नाही, एवढे एक वाक्य पुरते. आपल्या कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी असला की झाले. आणि इच्छा असली की स्रोतही उघडता येतो: मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा स्रोत २०१४ मध्ये संगणक-इतिहासाच्या संग्रहालयामार्फत दाखवला, २०१८ मध्ये एमआयटी परवान्याखाली मोकळा केला, आणि २०२४ मध्ये चौथी आवृत्तीही तशीच सोडली. त्याने कंपनीचे काही बुडाले नाही.

हे वाक्य न लिहिल्याचा भुर्दंड सामान्य माणूस भरतो, आणि तो फक्त कायद्याचा नसतो. अधिकृत पान गेले की सेटअप शोधणारा माणूस अशा ठिकाणी पोचतो जिथे चार ‘डाउनलोड’ बटणांपैकी तीन जाहिरातींची असतात आणि चौथ्यातून काय उतरेल त्याचा भरवसा नसतो. ऑपरेटरने निदान एवढे करावे: फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग आहे का ते बघावे, तिथे सही कुणाची आहे ते वाचावे आणि ‘डिटेल्स’ उघडून ती वैध दाखवते का ते तपासावे. फाइलीत कुणी ढवळाढवळ केली असेल तर सही टिकत नाही. या तपासणीने प्रत कायदेशीर होत नाही, पण गिऱ्हाइकाच्या बँकेचे पासवर्ड तरी वाचतात. चोरवाटेवर ढकललेला माणूस चोरांच्याच हाती सापडतो, हे अधिकृत पान बंद करणाऱ्याला आधी दिसायला हवे होते.

एका गोष्टीत मात्र मी ऑपरेटरच्या विरुद्ध ठामपणे उभा आहे. बंद झालेल्या फुकट सॉफ्टवेअरबद्दलची सहानुभूती क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसाठी वापरू नये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी हे विकत मिळणारे सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या वळणामागे कुणाची तरी मेहनत आहे. अशा सॉफ्टवेअरचे कुलूप तोडून केलेली प्रत वापरणे आणि ‘सगळेच वापरतात’ म्हणणे ही सरळ चोरी आहे. “थे बरोबर हाय,” ऑपरेटर कबूल करतात, “पन आमच्या जुन्या फाइलींचं काय? पंधरा-वीस वर्षांची कामं त्या फाँटात अडकली हायेत.” ही तक्रार मला साऱ्या चर्चेतली सर्वांत खरी वाटते. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत देवनागरी अक्षर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लग्नपत्रिका, प्रबंध, दिवाळी अंक, सगळे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा होऊन समोर येते. वऱ्हाडातल्या दैनिकांनी, छापखान्यांनी आणि विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळात जे टाइप केले, त्याचा मजकूर त्यांचा आहे, पण तो वाचायची किल्ली दुसऱ्याची.

इथे कायदा पुष्कळांना वाटतो त्याहून उदार आहे. कलम ५२ (१) (अब) नुसार, स्वतंत्रपणे तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करता येते. जुन्या फाँटातले कोणते चिन्ह युनिकोडमधल्या कोणत्या अक्षराला जुळते याची तालिका बनवणे आणि त्यावरून आपल्या फाइली बदलून घेणे, हे माझ्या मते या मुभेत बसते. म्हणून जुने सॉफ्टवेअर जन्मभर चालवत राहण्याऐवजी त्यातला मजकूर एकदा बाहेर काढणे, हा ऑपरेटरसाठी शहाणपणाचा आणि निर्धोक मार्ग आहे.

ग्रंथालयांबाबत मात्र कायदा अपुरा पडतो. २०१२ मध्ये कलम ५२ मध्ये एक पोटकलम आले: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवू शकते, पण त्याच्याकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असेल तरच. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या संस्थेला कपाटातले जीर्ण पुस्तक स्कॅन करून ठेवता येईल, पण सरकारने स्वतः फुकट वाटलेल्या मराठी सीडीची प्रत या पोटकलमाच्या आधारे जपता येणार नाही, कारण सीडीची कागदी प्रत नसतेच. सीडीचा थर पुस्तकाच्या कागदाआधी खराब होतो. अमेरिकेत बाजारात न मिळणारे सॉफ्टवेअर जतन करण्यासाठी त्याचे कुलूप उघडायची सवलत ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांना २०१८ मध्ये मिळाली. आपल्याकडे ‘बिगर-डिजिटल’ हा एक शब्द गाळला, तरी मोठे काम होईल.

“आणि सक्तीचा परवाना?” ऑपरेटर विचारतात. मालक पुन्हा प्रकाशित करायला नकार देतो आणि त्यामुळे कृती लोकांपासून दूर राहते, अशी तक्रार कलम ३१ खाली करता येते. मालक सापडतच नसेल तर ३१अ आहे. पूर्वी हे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचे. ते २०२१ मध्ये रद्द झाले आणि विषय न्यायालयांकडे आला. वकील स्पष्ट सांगतात, “भाऊ, ज्या सॉफ्टवेअरची किंमतच शून्य, त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? कलम आहे, पण ते प्रकाशकांच्या उपयोगाचं. तुमच्या नाही.” म्हणूनच मला वाटते, निदान लोकांच्या पैशातून झालेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा भार लोकांवर ठेवू नये. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आणले, त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा स्रोत खुला करण्याचेही धोरण आणले. त्यात आणखी एक साधी अट हवी: सरकारी संस्थेने भाषेचे कोणतेही साधन बंद केले, की बंद केल्याच्या दिवशीच कलम २१ ची जाहीर सूचना किंवा खुला परवाना प्रसिद्ध व्हावा. खासगी कंपनीवर हे लादता येणार नाही, हे मान्य. पण ज्या साधनावर आपले कर्मचारी काम करणार आहेत, ते बंद झाल्यावर वाटता येईल का, एवढे शासन खरेदीआधी किंवा वापराआधी नक्कीच विचारू शकते.

ऑपरेटरचा शेवटचा प्रश्न आजचा आहे. “थे सगळं होईन तवा होईन. आज दुकानात लॅपटॉप घेऊन आलेल्या पोट्ट्याले मी काय सांगू?” वकिलांकडे उत्तर आहे. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कीबोर्ड आतच येतो. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडायची, कीबोर्ड निवडायचा, आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटू लागते. काही उतरवायचे नाही, कुणाचा हक्क मोडायचा नाही. “आन ज्याची मशीन विंडोज सेवनवर हाय? ज्याच्यापाशी नवी घ्याले पैसे नाईत?” वकील त्याला कीमॅनचे नाव सुचवतात, विंडोज सेवनवर चालेल अशी आवृत्ती शोधून घ्यायला सांगतात, पण सवय वेगळी आहे, नव्याने शिकावे लागेल हेही सांगतात. स्वतःसाठी जपून ठेवलेला गूगलचा सेटअप त्या मुलाच्या मशिनवर टाकायची मुभा मात्र ते देत नाहीत. आजचा कायदा पाहता ती त्यांना देताही येत नाही.